जमनाबाईचा लोटा

ऐका हो ऐका! तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुढील मजकूर राष्ट्रीय महत्त्वाचा असून तो एका पितळी लोट्याविषयी आहे. ज्यांना हसायचे त्यांनी आत्ताच हसून घ्यावे.

आधीच सांगतो, भूत, हडळ, मुंजा... माझा कशावर काडीचा विश्वास नाही. पिंपळाखाली खुशाल घोरणारा माणूस आहे मी. तरीही हे घडलं. आणि अमावास्येच्या रात्री वगैरे नाही — भर दुपारी, लख्ख उजेडात, सगळ्या बोर्डिंगच्या डोळ्यांदेखत.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आज आमच्या भागाला नंदुरबार जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही धुळ्यात मोडायचो. शहाद्याला एका जुन्या कापसाच्या वखारीत आमचं विद्यार्थी बोर्डिंग होतं. वर पत्रे, पुढे पडवी, पडवीच्या टोकाला पाण्याचा रांजण, मागे विहीर. वस्तू सगळ्या सामायिक. आणि जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असा पोरांचा कारभार! सतरंजीला पाय पुसायचे, कंदिलाची काच फोडून मांजराचं नाव सांगायचं.

पाणी प्यायचा लोटा कळसाडीच्या जमनाबाईंनी दिलेला. त्यावर ‘जमनाबाईकडून’ असं नाव घालायला त्यांनी सांगितलं होतं. नंदुरबारच्या नाव घालणाऱ्यानं ठोकलं ‘जमनाबाईचा’. म्हणजे दान देऊनही लोटा बाईंचाच! आमचे गुरुजी, म्हणजे बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट, ओशाळले. बाई मात्र हसल्या.

“ऱ्हाऊ द्या, गुरुजी. मन्हं नाव शे, तं मीच ध्यान ठेवसू.”

ठेवलंही. बाजाराला आल्या की मूठभर राख घेऊन पडवीत बसायच्या, लोटा लखलखीत घासायच्या, काठोकाठ भरून रांजणाच्या झाकणावर ठेवायच्या आणि ओरडायच्या, “जागानी वस्तू जागावर ठेवा रे, पोरेसहोन!” पुढे त्या वारल्या. नंतर लोट्याला राख कुणी लावली नाही. पार काळा पडला बिचारा.

एका रविवारी सकाळी लोटा गायब. त्या आठवड्यात पाणी भरायची पाळी दामजीची, म्हणून जबाबदारीही त्याची. दामजी माझा शेजारच्या खाटेवरचा दोस्त, सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेला. त्या पाड्यावरून हायस्कुलात पोचलेला पहिला मुलगा.

“डोंगरमा पितळले बी सोनं म्हंतस ना रे भो!” गुलाब खिदळला. या गुलाबच्या बापानं बोर्डिंगला पत्रे दिले होते, त्यामुळे पत्र्यांखालचं सगळंच आपलं, अशी त्याची समजूत.

गुरुजी संतापलेले. “पंगत उठेपर्यंत लोटा जागेवर हवा. नाही तर दामजी, ट्रंक उचल आणि दुपारची एस.टी. धर.”

आम्ही दोघांनी बोर्डिंग उलथंपालथं केलं. खाटांखाली पाहिलं, केळीच्या बागेत पाहिलं, विहिरीत गळ टाकला — तर वर आली कधीची तरी हरवलेली बादली!

दामजी रडला नाही. ट्रंकेवर बसून म्हणाला, “मी नाय जाणार. माझ्या मागं पाड्यावरची अजून पोरं यायची हायत. मी चोर म्हणून गेलो, तर त्यांना इथं कोण घेईल?”

ते ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजी काय म्हणाले होते? पंगत उठेपर्यंत! आणि बोर्डिंगचा कायदा असा की, शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ठरलं. पंगत उठूच द्यायची नाही. एस.टी. निघून जाईपर्यंत खात राहायचं!

पडवीत पंगत बसली, मीही बसलो मांडी ठोकून. गुरुजीही पंगतीत. भाकरी, मिरचीचा ठेचा, पुन्हा भाकरी. सगळ्यांची जेवणं आटोपली, हात वाळले, मी आपला चालूच.

“भो, पोट शे का पेव?” वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या.

“नाटक्या, पुरे,” गुरुजी गुरगुरले.

“अन्न टाकू नये, गुरुजी. आपणच शिकवलंत.” आणि मी ठेच्याचा गोळाच तोंडात घातला.

नंदुरबारची मिरची ती! कानांतून वाफा निघाल्या. डोळ्यांपुढे काजवे. मी बोंबललो, “पाणी!” आणि सगळ्या पंगतीनं एकदम रांजणाकडे पाहिलं...

झाकणावर लोटा होता.

काठोकाठ भरलेला, झाकणावर थेंब न सांडलेला. आणि चकचकीत! ‘जमनाबाईचा’ या अक्षरांच्या खाचांत ओली राख अजून तशीच. आम्ही जेवायला बसलो तेव्हा झाकण रिकामं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर पंगतीतून एकही जण उठला नव्हता. मावशी माझ्याच डोक्यावर भाकरी घेऊन उभ्या होत्या. बाहेरून कुणी यावं, तर पडवीची एकच पायरी, आणि ती गुरुजींच्या समोर.

मी पुष्कळ डोकं चालवलं. कुणी ठेवला, केव्हा ठेवला, घासला कधी? आज केस पिकले, तरी उत्तर नाही. गुरुजींनाही सापडलं नाही. त्यांनी फक्त लोट्याला हात जोडले, आणि त्या दिवसापासून बोर्डिंगातला कंदीलही कुणी वाकडा ठेवला नाही.

दामजी राहिला. पुढे त्याच्या पाड्यावरची पोरंही आली. पण खरं सांगायचं, तर त्याला लोट्यानं वाचवलं नाही. लोटा परत आला तरी, “यानंच लपवून परत ठेवला असेल,” असं कुणीतरी म्हणालंच असतं. त्याला वाचवलं गुलाबनं. पंगतीतून पहिला तोच उठला, पांढराफटक पडून, खरकटा हात तसाच, आणि किंचाळला,

“पन मी तं तो विहिरमा फेकेल व्हता!”