ज्या पोटरीला मी तेल लावलं

“पल्मनरी एम्बोलिझम,” डॉक्टर म्हणाले. आमचे चेहरे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, “पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात अडकलीय. पाय सुजला होता का?”

सुजला होता. आक्काची डावी पोटरी. दोन दिवस मीच ती गरम तेलानं चोळत होते.

आक्का माझी थोरली जाऊ. बेळगावात वडगावला आमचे घरचे चार माग आहेत, आणि कांड्या भरायचं काम तिच्याकडे. कांडी म्हणजे मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. ती संपली की माग थांबतो, म्हणून भरणाऱ्यानं उठायचं नाही. लगीनसराईत आक्का सकाळी बसली की जेवायलाच उठायची. उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायची. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, “आमची थोरली एकदा बसली की हालत न्हाय.”

मी सकाळी येळ्ळूरच्या रस्त्यानं चालायला जाते. तिला कितीदा म्हटलं, चल. तिचं उत्तर ठरलेलं. “दिवसभर राबतोय की गं. आनि येगळा व्यायाम कशाला? पोरांची परीक्षा होऊ दे, मग येतो.” मीही फार ओढलं नाही. खरं सांगायचं तर तो अर्धा तास मला एकटीला हवा होता.

पाय सुजला तेव्हा वाटलं, बसून बसून आखडला असेल. मी चोळत होते आणि ती डोळे मिटून म्हणत होती, “लई बरं वाटतंय गं.” तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठली आणि दाराला धरून खालीच बसली. तिला श्वास घेता येईना.

सीटी स्कॅन झाला. तिला आयसीयूत नेलं. मी डॉक्टरांना चोळल्याचं सांगून टाकलं.

“त्यानंच सुटली असं नाही म्हणता येत. गुठळी आपोआपही सुटते. पण एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर चोळायचा नाही, आधी दाखवायचा. एवढं चार बायकांना सांगा.”

म्हणून हे लिहिते आहे. ‘आपोआपही’ हा शब्द मी रोज मनाशी म्हणते. काही दिवस तो पुरतो, काही दिवस अजिबात पुरत नाही.

दोन दिवसांनी आक्का गेली. पोरांच्या परीक्षेला आठवडा होता.

बायांनो, राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. एका जागी बसून राबणं तर नव्हेच. तासाभरानं उठा, चार पावलं चाला, पाणी प्या. घरचं काम कुठं पळून जात नाही.

सांगते खरी, पण आता कांड्या मी भरते आणि मीही विसरते. परवा अशीच गुंग होते. कांड्या भरायचं मशीन एकदम थांबलं. वीज गेली म्हणून मान वर केली तर बटणापाशी सासूबाई उभ्या.

आतून ह्यांनी ओरडून सांगितलं, “कांडी संपली, माग थांबलाय!”

“थांबू दे,” सासूबाई म्हणाल्या. मग माझा दंड धरून मला उठवलं. “चल. परड्यात चालून येऊ.”

घरामागं दोन फेऱ्या झाल्या, तरी त्यांनी माझा दंड सोडला नव्हता. तिसऱ्या फेरीला त्या थांबल्या.

“तिला एकदाबी ऊठ म्हनलो न्हाय गं मी.”