हिमनदीची खबर आणणारे साहेब

साहेब कुणालाही हातानं दिशा दाखवत नसत. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोन्या बाजूनं घेऊ जी?" तर दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसून, "पुढच्या कडुनिंबापाशी वळा, मग पिवळं घर," असं पाठ म्हटल्यासारखं सांगायचे. नागपुरात हुडकेश्वरच्या आम्ही पोरी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. हात खिशात का, ते मला कळलं आणि माझी नक्कल कायमची सुटली.

साहेब एका सरकारी खात्यात होते आणि माझे बाबा त्यांच्या हाताखाली खलाशी. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. यंत्रं वाहणारा, तंबू ठोकणारा, रंगीत पट्टी धरून साहेब सांगतील तिथं उभा राहणारा. पावसाळा सरता सरता ही मंडळी हिमालयात जाऊन एक हिमनदी मोजायची. मी सहा वर्षांची असताना बाबा असेच पट्टी घेऊन बर्फावर उभे होते. साहेबांनी लांबून दुर्बिणीत पाहिलं आणि हातानं खूण केली, अजून दोन पावलं डावीकडे. बाबा दोन पावलं डावीकडे गेले. वर ताज्या हिमाची साय होती, खाली भेग. दोर पुरला नाही, तळही दिसला नाही.

हे सारं साहेबांनी स्वतः आमच्या ओसरीवर बसून आईला सांगितलं. गाळलं काही नाही. "खूण मी केली होती, वहिनी," हेही सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "मंग ते आता तिथंच राहतीन?" इथं साहेबांचं चुकलं. त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "नाही. बर्फ खाली सरकत असतो. कधी ना कधी तो त्याला हिमनदीच्या मुखाशी आणून सोडेल. ही मुलगी नोकरीला लागेल, तेव्हा साधारण."

झालं. देह सापडला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेवढ्यासाठी मामा आला होता. आईनं त्याला आल्या पावली परत पाठवलं. "साहेब मोजून राहिले ना गा. माणूस येऊन राहिला, अन् मी पळस जाळू काहून?" कुंकूही पुसलं नाही. शेजारच्या बायका मागून काय काय बोलत, तिनं ते कानाआड केलं.

दर दसऱ्याच्या सुमारास साहेब खबर घेऊन यायचे. चहा बशीत ओतायचे आणि तो तसाच गार होऊन जायचा. "यंदा एवढा सरकला," म्हणत ते अंगणात पावलं टाकून दाखवायचे. ती पावलं संपत तिथं आई जाऊन उभी राहायची, बस यायची वेळ झाल्यासारखी.

मला मात्र ते मायेनं शिकवायचे. "नुसतं पाणी गोठून हिमनदी होत नाही, पोरी. जिनिंगमध्ये कापसाची रुई पाहिली ना? मोकळी असते तेव्हा फुंकरीनं उडते. दाबून गठाण बांधली की आपटून डोकं फुटेल. तसं हिमावर हिम पडतं, वर्षानुवर्षं. मग स्वतःच्याच भारानं ते उतारावरून सरकू लागतं." त्या बर्फाच्या तळाशी अडकलेले धोंडे डोंगर कसे तासतात आणि दऱ्या कशा रुंद करतात, हे सांगताना ते रंगात येत. तेवढ्यापुरते हात खिशातून बाहेर निघत.

मी शाळेत नोकरीला लागले. बाबा आले नाहीत. त्या दसऱ्याला साहेबांनी चहाला हातसुद्धा लावला नाही. "मुखापाशी धोंड्यांवर लाल रंगाच्या खुणा करतो आम्ही," ते म्हणाले. "पहिली खूण केली तिथं आता शेळ्या चरतात. बर्फ पार मागे गेलाय. हिवाळ्यात पडतो त्याहून उन्हाळ्यात जास्त वितळतो. दुखणाईत माणूस वाळावा तशी ही हिमनदी वाळत चाललीय."

"मंग त हे लवकर याले पायजेत," आई म्हणाली.

"यायलाच हवे होते. तो ज्या बर्फात होता, तो दोन वर्षांपूर्वीच वितळून गेला, वहिनी. आम्ही वर्षातून महिनाभर असतो. बाकी तिथं कुणी नसतं, आणि खाली पाण्याला ओढ फार. त्यानंच नेला असेल." दोन वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. साऱ्या जन्मात एवढीच काय ती लपवाछपवी, आणि तीही त्यांना निभावता आली नाही.

फाल्गुनात ते आम्हाला आणि मामाला चंद्रपूरकडे पैनगंगेच्या पात्रात घेऊन गेले. ऊन मी म्हणत होतं. तिथल्या खडकावर सरळ, लांबलचक, एकाच दिशेनं गेलेल्या रेघा होत्या. "कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं हिमनदी होती. या रेघा तिच्या."

आईनं खाली बसून एका रेघेवरून तळवा फिरवला. "इथंबी होती?"

"इथंही."

"अन् गेली?"

"गेली."

ती उठून उभी राहिली. मग मामाला म्हणाली, "पळस आन गा." मामानं काठावरून देठ आणून पुतळा बांधला. आई साहेबांकडे वळली. "अग्नी तुमी द्या." साहेबांच्या हातातल्या तीन काड्या विझल्या. चौथी कशीबशी पेटली. आईनं त्यांना क्षमा केली की शिक्षा दिली, मला तेव्हा समजलं नाही.

आईचं त्या दिवशी सुटलं. कुंकू पुसलं, पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. साहेबांचं सुटलं नाही. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या मे महिन्यात ते रजई पांघरून पडलेले असत. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, "आई काय म्हणते?"

मी म्हणाले, "आई म्हणते, तुमची काही चूक नव्हती."

"खरंच?"

"खरंच."

आई असं कधीच म्हणाली नव्हती. घरी येऊन मी तिला भीतभीत सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. "काहून खोटं बोलली वं? मले इचाराचं होतं. मी सोता जाऊन सांगतलं असतं त्यायले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि आम्ही निघालो. साहेबांच्या दारापुढं चपला फार होत्या, बाजूला तिरडीचे बांबू. मी थबकले. आई थांबली नाही. माणसांतून वाट काढत ती आत गेली, त्यांच्या उशाशी बसली आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "साहेब, तुमची चूक नव्हती जी."