चढावर बाईंचं वजन

कवडू अंगानं अगदी काडी. १९५६ च्या प्रजासत्ताक दिनाला गोरेगावात सायकलींची शर्यत झाली, तेव्हा सपाट रस्त्यावर त्याच्याच गावचा पहिलवान गोवर्धन पुढं निघून पार दिसेनासा झाला. टेकडीच्या चढाला मात्र कवडूनं त्याला गाठलं, मागं टाकलं आणि शर्यत जिंकली.

"जोर तं माह्यात जास्त. मंग मी मागं काऊन?" गोवर्धनानं विचारलं.

"जोर भल्ला हाये गा, पण चढावर तुले तुयं आंगबी वर ओढा लागते. माह्यं आंग हायेच कितीसं?"

तेव्हापासून चढ म्हणजे आपलाच, असं कवडू धरून चालला.

त्याच उन्हाळ्यात त्याची बायको धुरपता बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले, गोरेगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणा म्हणाली. बैलगाडीनं उशीर झाला असता. कवडूनं सायकल काढली. एकट्याला कसं सोडायचं म्हणून गोवर्धनही निघाला. जाताना चढावर कवडूच पुढं.

परतताना नर्स सुलोचनाबाई कवडूच्या कॅरिअरवर बसल्या. अंगानं भरलेल्या, मांडीवर औषधांची पेटी. सपाटीवर जमलं. चढ लागला तशी सायकल डुलायला लागली. तो उभा राहून पायडल दाबत होता, तरी चाक पुढं सरकेना. शेवटी बाई उतरल्या.

"बाई, माह्या सायकलवर बसा," गोवर्धन म्हणाला. "कवडू, पेटी तू घे."

आणि तो निघाला. सावकाश, पण कुठंही न थांबता. पेटी घेऊन मागून येताना कवडूला उमगलं. बाईंचं वजन दोघांनाही तेवढंच. पण त्याच्या काटकुळ्या अंगाचं ओझं त्यानं दुप्पट झालं होतं, गोवर्धनाच्या आडदांड देहाला ती नुसती थोडी भर होती. त्या क्षणी त्याला हरल्यासारखं वाटलं नाही. पुढं चाललेल्या त्या रुंद पाठीवर नजर ठेवून तो पायडल मारत राहिला.

दुपार कलायच्या आत मुलगी झाली. धुरपताही सुखरूप होती.

बारशाला कवडूनं लेक सगळ्यांआधी गोवर्धनाच्या हातात दिली.

"मी काय केलो गा? बाईनं केलं सारं," तो संकोचून म्हणाला.

"बाई घरी पोचली, तवाच तं केलं."

गोवर्धन त्या इवल्या जिवाला धरून ताठ बसून राहिला, हलायलाही घाबरत.