ठोकळ्यांचा तास

आमची धाकटी सून शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. पोरं तिला ‘काबाई’ म्हणतात. काहीही विचारा, उत्तर देण्याऐवजी ती उलट “का बरं?” विचारणार. घरीही तेच. दूध उतू गेलं तर म्हणते, “आई, दूधच का उतू जातं, पाणी का नाही?”

“बाई गं, आधी गॅस बंद कर!”

तिच्या वर्गात एकात एक बसणाऱ्या ठोकळ्यांची पेटी आहे. पोरं सतरंजीवर बसून पूल बांधतात, पाडतात. मोठ्या बाईंना हे पटेना. “पालक विचारतात, वहीत काय लिहिलं? सोमवारी बघायला येते. नुसता खेळ दिसला तर पेटी कपाटात.” सुनेची झोप उडाली. पेटी गेली की पुन्हा फळ्यावर लिहा नि वहीत उतरवा.

सोमवारी नातीला आणायला मी लवकर गेले, म्हणजे मुद्दामच, आणि वर्गाच्या दाराशी बाकावर बसले. दोन वेण्यांच्या एका मुलीचा पूल एकाच खांबावरून पुढे पुढे चालला होता. आणखी एक ठोकळा लावला आणि सगळा धाडकन खाली!

“बघा,” मोठ्या बाई म्हणाल्या, “याला शिकणं म्हणायचं?”

सुनेच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसलं. तिनं ते गिळलं आणि पोरांकडे बघत राहिली. माझं आपलं मनात चाललेलं, बोल की गं!

“पुढे जड झालं,” वेणीवाली म्हणाली.

“मग पुढचे काढ,” शेजारीण म्हणाली.

“नाही, मला लांबच पाहिजे!”

“मग मागे वजन ठेव. बागेत सी-सॉवर तू बसलीस की मी कशी वर जाते!”

“मी जाडी आहे का?”

भांडता भांडता त्यांनी पूल पुन्हा उभा केला आणि मागच्या टोकावर चार ठोकळे रचले. राहिला! एक काढला, कलला. परत ठेवला.

“पुढे अजून दोन लावले तर?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मग मागेपण वाढवायला लागतील. किती ते करून बघू. तुम्ही धरा इकडे.”

मोठ्या बाई गुडघे धरत सतरंजीवर टेकल्या आणि तास संपल्याची घंटा झाली तरी उठल्या नाहीत.

पेटी वर्गातच राहिली. आवाज मात्र कमी करा, असं बजावून गेल्या. तेवढं काही आमच्या सुनेच्या वर्गाला जमायचं नाही.