मागची दोन पावलं

पुनारामच्या रागावर १९६८ साली वस्तीतल्या प्रत्येकाकडे औषध होतं. नव्हतं ते फक्त त्याच्या बायकोकडे. शेवंताबाई ऐकून ऐकून वैतागली होती.

पुनाराम बालाघाटजवळच्या एका मँगनीज खाणीत खडकाला भोकं पाडायचं काम करी. मशीन पाण्याविना, कोरडी चाले, आणि पाळी संपेपर्यंत काळी धूळ नाकातोंडात जाई. मूळचा शांत माणूस. पण वर्षभरापासून भातात खडा लागला की ताट भिरकावू लागला. मग उगाच हसू लागला. मेहुण्याच्या मयतीलाही तो सगळ्यांसमोर हसत उभा होता. शेवंताबाईच्या माहेरचे तेव्हापासून बोलत नव्हते.

वैद्य दुलीचंदने आवळ्याचं चूर्ण दिलं आणि गूळ खायला सांगितलं. गुळाने धूळ खाली उतरते, ही खाणीतल्या लोकांची जुनी समजूत. पुनाराम गुळाचा खडा सदऱ्याच्या खिशात टाकून खाली नेई आणि काळ्या बोटांनी तिथेच खाई. सदरा धुताना शेवंताबाईच्या हाती उरलेला तुकडा लागे, कोळशासारखा.

"धूळ उतरवाले गूळ नेता, अन् धुळीतच घोळून खाता," ती म्हणाली. "त्यापरीस धूळच खा ना. गूळ तरी वाचंल."

लेझीम पथकाचा म्होरक्या घनश्याम याचं मत वेगळं होतं. "वहिनी, त्याले माह्यापाशी पाठवा. घाम निघाला का डोक्सं थंड होते."

आणि खरंच गुण आला. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी चाललेल्या सरावाला जाऊ लागल्यापासून पुनारामला झोप लागे, ताटं जागेवर राहत. शेवंताबाईने घनश्यामचं तोंडावर कौतुक केलं. पुढे तिला त्याचा पस्तावा झाला.

कारण जयंती जवळ आली तसा घनश्यामने नवा डाव बसवला: चार पावलं पुढे, दोन मागे. पुढची चार नीट पडली. मागे पाऊल टाकताच पुनाराम उताणा पडला. उठवला, पुन्हा पडला, आणि हसत सुटला.

"पेऊन आला," घनश्याम म्हणाला.

१९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेताना सगळ्या वस्तीने दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली होती. ती मोडणाऱ्याला मिरवणुकीत जागा नव्हती. प्यालो नाही, असं सांगायला पुनारामने तोंड उघडलं की आधी हसूच येई.

शेवंताबाई घनश्यामच्या दारात गेली. "तोंडाचा वास घेतला का तुमी?"

"पडला ना वहिनी. साऱ्यायनं पायलं."

"बारा वर्षांत थेंब नाई पेला. पेत असते तं बरं होतं, दारू सोडवता तं येते. चाला आता दवाखान्यात. मले एकटीले तेथं कोणी आयकत नाई."

खाणीच्या डॉक्टरांनी याआधी तिला टॉनिकची बाटली देऊन परत पाठवलं होतं. या वेळी घनश्यामच तावातावाने तक्रार सांगत होता: पुढं बराबर जाते, मागं पडते. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी पुनारामला भिंतीपर्यंत चालवलं, मग न वळता, उलट्या पावलांनी मागे यायला सांगितलं. तो त्यांच्याच अंगावर पडला.

"दारू नाही. मँगनीजची धूळ आहे, मेंदूपर्यंत गेलेली," ते म्हणाले. "राग, हसू, पडणं, सगळं तिचंच. याला आता खाली पाठवायचं नाही, मी लिहून देतो."

"अन् गूळ? लेझीम?" शेवंताबाईने विचारलं.

"गूळ घरी खाऊ द्या, हात धुऊन. त्याने धूळ निघत नाही. लेझीम चालू ठेवा, झोप लागते ना? पण पूर्वीसारखा होईल असं मी सांगत नाही."

"म्हंजे एवढं करून अर्धंच," शेवंताबाई म्हणाली.

पुनारामला वर, फाटकावर काम मिळालं. घनश्यामने त्याला मिरवणुकीत घेतलं, माफी मात्र मागितली नाही. पथक मागे जाईल तेव्हा पुनारामने जागेवरच थांबायचं, असं ठरलं. त्यामुळे दर वेळी तोच म्होरक्यासारखा पुढे उरे आणि घनश्याम त्याच्या पाठीमागे. पुनाराम हसत होता. या हसण्याला कारण होतं की नाही, हे शेवंताबाईला ठरवता येईना.

घरी आल्यावर तिने पांढरा सदरा भिजवायला घेतला. खिशात गूळ होता.

"आता काहून?" तिने विचारलं.

"रस्त्यानं लय धूळ होती ना," पुनाराम म्हणाला.