सोमवारी डेन्मार्क, गुरुवारी न्यूझीलंड

५ जानेवारी, रविवार. पहाटे नदीच्या बाजूने धुकं, नऊनंतर कोवळं ऊन. वारा नाही.

माझ्या रोजनिशीतल्या त्या दिवसाची सुरुवात अशी आहे. किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मी ज्या औषधांच्या दुकानात काम करतो, तिथल्या खणात रबरबँड साठतात. आणून कोणी टाकत नाही, पण एक दिवस खण अडकतो! आमच्या रविवारच्या मंडळाचे किस्से तसेच साठले. त्यातले त्या जानेवारीतले आणि त्याआधीचे दोन-तीन, तेवढे इथे काढून ठेवतो.

मंडळ म्हणजे पाच माणसं. सदाशिव पेठेत दामले सरांचा क्लास आहे. रविवारी सकाळी तिथे मुलं नसतात, म्हणून मुलांच्या बाकांवर आम्ही बसतो. विषय वर्षानुवर्षं एकच. कोणता देश आपल्या काम करणाऱ्या माणसाला कसं वागवतो? नोकरी गेली, आजार आला, म्हातारपण आलं, घरातलं कोणी अंथरुणाला खिळलं, तर कोण सांभाळतं?

पद्धत सरांनी घालून दिलेली. प्रत्येकाने एक देश घ्यायचा, त्याचे कायदे वाचायचे आणि मंडळात त्या देशाच्या वतीनेच बोलायचं. सर स्वतः जर्मनी. मी न्यूझीलंड. आमच्यापैकी कोणीही आपला देश पाहिलेला नाही.

"पाहिला असता तर इतकं छान बोलता आलं नसतं," सर म्हणतात.

*

धायरीचे रायकर आबा मंडळात आले ते चुकून. नातवाची फी भरायला रविवारी आले आणि बसले. त्यांची जमीन बिल्डरकडे गेली, तिथे आता सोसायटी आहे, आणि आबांकडे वेळच वेळ आहे. सरांनी विचारलं, "आपण कोणता देश घेणार?"

"गाई कुठं हायेत?"

"डेन्मार्कात भरपूर."

"मग त्यो द्या."

गाईंसाठी घेतलेला देश आबांनी इतका वाचला की आम्ही टिपणं काढायला लागलो. तिथे मालकाला माणूस कामावरून काढणं सोपं आहे. पण काढलेल्या माणसाला भत्ता मिळतो, आणि नवं काम शिकवायची सोय आहे. हे सगळं सांगून झाल्यावर आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे रातच्याला मालकबी झोपतो आन् गडीबी झोपतो."

त्या दिवशी चर्चा पुढे गेलीच नाही. सगळे जण ती झोप डोळ्यांपुढे आणत बसले होते.

*

माझ्या न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर चूक कोणाची हे विचारत नाहीत. आधी उपचार, मग दर आठवड्याला पैशांचा आधार. कोर्टकचेरी नाही. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, मंडळ भारावून जाईल.

दामले सर म्हणाले, "मग तिथले वकील जगतात कसे? त्यांच्यासाठी काय योजना आहे?"

*

अनुष्का आमच्यातली सर्वांत तरुण. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. तिचा फ्रान्स. एका रविवारी ती रंगात येऊन सांगत होती, "तिथे ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन न उचलायचा हक्क आहे. हक्क! म्हणजे तुम्ही फोन सायलेंट करून मस्त..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, "सॉरी, दोन मिनिटं," म्हणाली आणि जिन्यात गेली.

सरांनी खडू खाली ठेवला. "फ्रान्स बाहेर गेलं आहे. आपण थांबू."

*

आता पाच जानेवारी. त्या दिवशी मेधाताईंची पाळी होती. मेधाताई एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. त्यांचा देश स्वीडन. त्या नेहमीसारख्या शांत आवाजात सांगत होत्या. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरी राहायचं असेल, तर गावची पालिका मदतीला माणूस पाठवते. तो अंघोळ घालतो, जेवण गरम करतो, थोडा वेळ बसतो. मुलगी आपल्या कामावर जाते. संध्याकाळी येते तेव्हा घरात दिवा लागलेला असतो.

आम्ही ऐकत होतो. बाहेर धुकं विरत होतं. मला ते घर दिसत होतं, बर्फासकट.

मग मेधाताई म्हणाल्या, "माझा देश कोणीतरी घ्या. पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही."

त्यांचे वडील, अण्णा, भूगोलाचे शिक्षक होते. दोन वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार आहे. दिवसभर सांभाळणाऱ्या बाई गावी गेल्या त्या आल्या नाहीत, दुसऱ्या टिकल्या नाहीत. मेधाताईंची सगळी रजा संपली. ग्रंथपाल कर्णिकबाईंनी सांगितलं होतं, या महिनाअखेरपर्यंत ठरवा. पूर्ण वेळ या, नाहीतर राजीनामा द्या.

सर म्हणाले, "जर्मनीत अशा वेळी कामाचे तास कमी करून मिळतात."

"फ्रान्समध्ये पण रजा आहे, ताई," अनुष्का म्हणाली.

आबांनी विचारलं, "आन् हितं काय योजना हाय?"

"इथे मुलगी असते," मेधाताई म्हणाल्या.

मग आबा बाकावरून उठले. "आवो, पाच देश बसलोय की हितं! जाऊन बसू म्हाताऱ्यापाशी."

*

वार वाटून घेतले. सोमवार-शुक्रवार आबा, मंगळवार-शनिवार सर, बुधवारी अनुष्का, कारण बुधवारी ती घरून काम करते. ते घर अण्णांचं असलं तरी चालतं. गुरुवारी दुकानाला सुट्टी असते, म्हणून मी.

पहिल्या मंगळवारी सरांनी बेल वाजवली. दार अण्णांनीच उघडलं. "कोण आपण?"

सवयीचा परिणाम! सर म्हणाले, "जर्मनी."

अण्णा जराही दचकले नाहीत. त्यांनी विचारलं, "हल्ली किती आहेत? एक की दोन?"

"एकच, सर. मधली भिंत पाडली."

"मला कोणी विचारलं नाही," अण्णा म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

त्या दिवसापासून आमची नावं त्या घरात कोणी घेतली नाहीत. सकाळी चहा पिताना अण्णा विचारायचे, "मेधा, आज कोणता देश?" मेधाताई सांगायच्या, मग अण्णा स्वच्छ शर्ट मागायचे. मेधाताई म्हणाल्या, गेले कित्येक महिने शर्टासाठी रोज भांडण व्हायचं.

*

आबांना अण्णांनी बसवून घेतलं आणि नीट न्याहाळलं. "डेन्मार्क ना? तुमच्याकडे डोंगर नाहीत."

"डेन्मार्कात न्हाईत," आबा म्हणाले. "धायरीला हायेत."

अण्णांनी यावर चार दिवस विचार केला असावा. शुक्रवारी आबा आले तेव्हा ते म्हणाले, "मग तुम्ही धायरीलाच राहा. हवा चांगली असते."

*

संक्रांत मंगळवारी आली. अण्णांनी सरांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "जर्मनी, तिळगूळ घ्या, गोड बोला." मग सरांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "जमणार नाही, पण प्रयत्न करा."

सरांनी ही हकिकत आम्हाला स्वतः सांगितली, यातच सगळं आलं.

*

अनुष्का बुधवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायची. अण्णांना पडद्यावरचे चेहरे आवडायचे. एकदा तिची क्लायंटबरोबर मीटिंग चालू असताना अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि इंग्रजीत विचारते झाले, "आपण कुठून बोलता?"

समोरचा गृहस्थ गोंधळला. "रॉटरडॅम, सर."

अण्णांचा चेहरा गंभीर झाला. अनुष्काच्या खांद्यावरून पुढे वाकून ते म्हणाले, "तुमच्याकडची पुष्कळ जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. सांभाळून राहा."

पुढच्या बुधवारी त्या गृहस्थाने मीटिंगच्या सुरुवातीलाच कळवलं, "त्यांना सांगा, अजून सगळं कोरडं आहे."

*

माझे गुरुवार फार शांत जायचे. अण्णांच्या खोलीत पश्चिमेची खिडकी आहे, आणि दुपारी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर ऊन सरकत जातं. आधी पॅसिफिक उजळायचा, मग हळूहळू अमेरिका. आम्ही दोघं ते बघत बसायचो. अण्णा मध्येच एखाद्या नदीचं नाव घ्यायचे आणि ती कुठे जाऊन मिळते ते आठवायचा प्रयत्न करायचे. आठवलं नाही तर म्हणायचे, "मिळेल कुठेतरी."

मला ही दुपार आपली वाटायला लागली होती. तिथे बसलं की वाटायचं, आपण वाचलेले सगळे कायदे खरे झाले आहेत आणि कोणालाच घाई नाही.

पण महिनाअखेर जवळ येत होती. कर्णिकबाईंना मेधाताईंनी सांगितलं होतं की घरी सोय झाली आहे. कसली सोय, हे सांगायला त्या धजावत नव्हत्या. देशांचं कसं सांगणार!

*

२९ जानेवारी, बुधवार. सकाळी ढगाळ. अनुष्काला बॉसने अचानक हिंजवडीला बोलावलं. तिने आबांना फोन केला. आबा लगेच निघाले, पण सिंहगड रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकले. मेधाताई ग्रंथालयात पोचल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

इकडे अण्णांनी दार उघडून आबांना विचारलं, "आज फ्रान्स येणार होतं ना?"

"संपावर गेलंय," आबा म्हणाले.

अण्णांनी समाधानाने मान हलवली. "त्यांचं हे नेहमीचंच."

तिकडे कर्णिकबाईंनी मेधाताईंना समोर बसवलं. त्या वाईट नाहीत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. "तुमच्या वडिलांपाशी बसतं कोण?"

"मंडळातले लोक, बाई. रोज वेगळे."

"रोज वेगळे? म्हणजे जबाबदार कोणीच नाही! हे असं किती दिवस टिकणार? उद्या चार वाजता मी तुमच्याबरोबर घरी येते. माणूस जागेवर आणि जबाबदार दिसला, तर पुढचं बोलू. नाहीतर परवा राजीनामा."

संध्याकाळी मेधाताईंनी फोन करून मला हे सगळं सांगितलं. "उद्या तुमचा वार आहे." शेवटी म्हणाल्या.

"मी असेन," मी म्हणालो.

*

३० जानेवारी, गुरुवार. ढग गेले, दुपारी लख्ख ऊन.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खोली आवरली, पाण्याचं तांब्याभांडं भरून ठेवलं, अण्णांच्या गोळ्या वेळेवर दिल्या. जेवणं झाली. अडीचच्या सुमारास आम्ही नकाशासमोर बसलो. ऊन पॅसिफिकवर आलं होतं.

अण्णांनी विचारलं, "तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?"

मी हिशेब केला. "रात्रीचे दहा असतील."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "आणि तुम्ही अजून जागे?"

"मला झोप नाही आली, सर."

"असं कसं? इतक्या लांबून येता, दिवसभर बसता. आडवे व्हा." त्यांनी आपल्या पलंगावरची चादर झटकली, उशी थोपटली. मी नको नको म्हणालो तशी ते अस्वस्थ व्हायला लागले. आवाज चढला, उशी पुन्हा पुन्हा थोपटायला लागले. त्यांना असं झालं की आवरायला दोन तास लागतात, आणि चारला बाई येणार होत्या. मला वाटलं, पाच मिनिटं पडावं, ते शांत झाले की उठावं.

मी आडवा झालो. अण्णांनी माझ्या अंगावर पांघरूण घातलं, खिडकीचा पडदा ओढला आणि खुर्ची पलंगाजवळ घेऊन बसले. आईनंतर माझ्या अंगावर असं पांघरूण कोणी घातलं नव्हतं. भिंतीवर नकाशा निळा दिसत होता. कुठेतरी हिरव्या कुरणांवर पाऊस पडत होता आणि एक माणूस मला विचारत होता, तुम्ही थकलात का, आणि चूक कोणाची हे विचारत नव्हता.

पुढचं मी मेधाताईंकडून ऐकलेलं लिहितो.

चार वाजता त्यांनी किल्लीने दार उघडलं. मागे कर्णिकबाई. खोलीत अंधार. पलंगावर मी गाढ झोपलेलो, घोरत होतो असंही मेधाताई म्हणतात. शेजारी अण्णा, पाठ ताठ, हातातल्या वर्तमानपत्राच्या घडीने मला हलकेच वारा घालत बसलेले.

मेधाताईंनी डोळे मिटून घेतले.

कर्णिकबाई दोन पावलं आत आल्या. "अहो, हे काय चाललंय? हे गृहस्थ..."

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, बाई. न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र होत आलीय."

कर्णिकबाई तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, आत आल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. मी उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि त्या अजून बसलेल्या होत्या.

३१ जानेवारी, शुक्रवार. आकाश निरभ्र, सकाळी गारठा. मेधाताईंनी राजीनामा दिला नाही. कर्णिकबाईंनी त्यांची वेळ अकरा ते चार करून दिली आणि अण्णांपाशी बसायला दर दुसरा शनिवार स्वतःसाठी मागून घेतला. देश, कॅनडा.