कापलेला नवरदेव

थोरल्या भावाच्या लग्नातून मी स्वतःला ब्लेडनं कापून काढलं, तेव्हा मी चांगला चोवीस वर्षांचा आणि पगारी शिक्षक होतो.

त्याला कारण होतं मंगरूळचं स्थळ. मुलगी मॅट्रिक पास. तिच्या वडिलांचा निरोप आला, "मुलाचा एकट्याचा फोटो पाठवा." आता एकट्याचा नवा फोटो काढायचा, तर मी नुकताच मुदतीच्या तापातून उठलेलो. डोक्यावर केस एवढे विरळ की मोजून घ्यावेत! उलट सत्तर-एकाहत्तर सालच्या भावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत माझा असा काही भांग होता आणि अंगात असा कोट होता (कोट मित्राचा, भांग माझा!), की वाटलं, हाच पाठवावा.

अडचण एकच. त्या फोटोत माझ्या डाव्या अंगाला गयाआत्या उभी होती. माझा डावा हात तिच्या लुगड्याआड गडप झालेला, आणि खांद्यावर तिचा बांगड्या भरलेला हात.

"कापू नको रे," माय म्हणाली. "आत्याले समजलं तं घर डोक्यावर घेईन!"

"तिले कायले समजते?" मी म्हणालो, आणि भिंतीवरचा फोटो उतरवला.

शाळेचे तक्ते कापून माझा हात बसलेला होता. पण आत्याच्या कोपराशी ब्लेड निसटलं आणि माझ्या डाव्या अंगठ्यात घुसलं! मायनं हळद भरून अख्ख्या पंजाला धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या. मी तसाच वाशीमला रहीमभाई फोटोवाल्याकडे गेलो. कापलेला मी त्यांनी उजेडाकडे धरला.

"मास्टर, ये खांदे पे औरत का हात किसका है?"

"आत्याचा आहे."

"लडकीवालों को क्या मालूम आत्या का है!"

रहीमभाईंनी ब्रशनं आत्याचा हात पुसला आणि तिथे कोटाचा खांदा रंगवला. "अब तुम्हारा हात किधर से लाऊं?" असं म्हणून त्यांनी तो न आणताच कोट सरळ खाली सोडला. मागे नवा पडदा देऊन त्यावरून कॉपी काढली. भांग झकास आला होता. मी फक्त भांगच पाहिला.

आठ दिवसांनी मुलीचे वडील आणि काका घर पाहायला आले. मी एका हातानं जयभीम केला. दुसरा, चिंध्यांचा गोळा झालेला, पाठीमागे लपवला. (फोटो कापताना कापला, हे कोणत्या तोंडानं सांगणार?) चहाही एकाच हातानं घेतला. काका माझ्या खांद्याकडे पाहून राहिले होते.

शेवटी मुलीचे वडील मायला म्हणाले, "बाई, डोक्याचं काई नाई. केस येतीन. पण हात कसा येईन?"

मायला काही उमजेना. पण गयाआत्या तिथंच बसलेली होती, ती उसळली. "काहून? माह्या भाच्याले काय झालं? दोनी हात साबूत हायेत! थांबा, दाखवतो!"

मला वाटलं, ती माझा हात ओढून दाखवेल. पण तिनं मी संदुकीमागे लपवलेला तो ग्रुप फोटो बरोबर हुडकला आणि पाहुण्यांपुढे धरला. "हा पाहा, याच्या भावाच्या लग्नातला..."

फोटोत माझ्या जागी भोक होतं. आणि भोकाच्या कडेला, कोपरापासून तुटलेली आत्या!

"अरे पोट्ट्या!" आत्या किंचाळली. "माहा हात कुठं हाये?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी चिंध्यांचा गोळा पुढे केला आणि तापापासून रहीमभाईंपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू येईल असं वाटत होतं. स्थळ गेलं, हे मी धरूनच चाललो होतो.

मुलीच्या वडिलांनी माझ्या चिंध्या पाहिल्या, फोटोतलं भोक पाहिलं. मग हसून त्यांचं पोट हलायला लागलं. डोळे पुसत ते भावाला म्हणाले, "ज्याले एवढीशी लबाडी धड जमत नाई, त्याच्या घरी पोरगी सुखात राह्यते. देऊन टाकू."

तर लग्न झालं. सुशीला घरात आली आणि पहिल्याच महिन्यात तिची नजर त्या भोकावर गेली. माहेराहून आणलेला स्वतःचा फोटो तिनं बेतानं कापला आणि मागून चिकटवला. तिच्या हातून अंगठा कापला नाही. आत्याचा तुटका हातही आता तिच्या पदराआड गेल्यासारखा दिसू लागला, त्यामुळे आत्या तिच्यावर भलतीच खूश!

तो फोटो अजून भिंतीवर आहे. भावाच्या लग्नात घरचे झाडून सगळे हजर आहेत. तेव्हा कोणी ओळखतही नसलेली माझी बायकोसुद्धा. नाही तो फक्त मी!